पहाटेच्या सुरावटीचे कर्ते : वॉल्टर कॉफमन

इतिहास म्हटला की आपल्या इंदापूरकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम मालोजीराजांची गढी उभी राहते. शाळेतही आपण किल्ले, लढाया आणि सनावळ्याच घोकल्या. परंतु भगिनींनो, काही इतिहास कानांवाटे आपल्या घरात येत असतो, आणि तो इतिहास आहे हे आपल्या गावीही नसते. अशाच एका गोष्टीविषयी यंदाच्या स्मरणिकेत चार शब्द लिहावे असे मनात होते.

ज्यांच्या घरी पूर्वी रेडिओ होता त्यांना चांगले आठवत असेल. पहाटे बटण फिरवले की आधी नुसती खरखर. मग ठरल्या वेळी आकाशवाणीची ती ओळखीची सुरावट सुरू होई. खाली तंबोऱ्याचा अखंड नाद आणि वर व्हायोलिनचे गोड, परंतु काहीसे उदास सूर. ती थांबली की ‘वंदे मातरम्’, आणि मग दिवसाचे कार्यक्रम. माझ्या लहानपणी आमच्याकडे तेच घड्याळ होते. ती कानावर पडली की आई चुलीवर पाणी चढवी आणि वडील गोठ्याकडे निघत. पण ही सुरावट केली कोणी, असे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नाही. सूर्य उगवतो तशी ती वाजते, इतकेच आम्हांला ठाऊक.

ही सुरावट १९३६ साली वॉल्टर कॉफमन नावाच्या एका गृहस्थांनी रचली, असे बहुतेक जाणकार मानतात. काही ठिकाणी दुसऱ्यांचीही नावे घेतली जातात, पण जास्त मते कॉफमन यांच्याच बाजूने आहेत. हे गृहस्थ ना महाराष्ट्रातले, ना भारतातले. ते युरोपातून आले होते आणि त्यांची मातृभाषा जर्मन होती. पुण्याला शिकत असलेल्या माझ्या भाचीने त्यांच्यावरचा इंग्रजी मजकूर मला मराठीत वाचून दाखविला, आणि मी थक्कच झाले. आपल्या घराघरांत पोहोचलेले सूर एका परक्या मुलखातून पोटापाण्यासाठी आणि जिवासाठी आलेल्या माणसाचे असावेत, हे मला खरेच वाटेना.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड या गावी झाला. हे गाव उन्हाळ्यांचे, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांचे. आपल्याकडे जसे वज्रेश्वरीला लोक जातात तसे तिकडे श्रीमंत लोक पाणी प्यायला आणि हवापालट करायला जात. त्या वेळी तेथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते. पुढे पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश झाला आणि कार्ल्सबाड त्यात गेले. गावातली पुष्कळ माणसे मात्र जर्मनच बोलत. कॉफमन यांचे घर ज्यू धर्माचे. बर्लिनच्या संगीतशाळेत फ्रान्झ श्रेकर या नावाजलेल्या संगीतकाराच्या हाताखाली ते रचना शिकले. पियानो, रचना आणि वाद्यवृंद चालविणे ही तिन्ही अंगे त्यांना येत. विशीतच ते नाटकगृहांतून संगीतिका चालवू लागले होते.

जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू कलावंतांना तेथे काम मिळणे संपले. कॉफमन प्रागच्या जर्मन विद्यापीठात अभ्यास करीत होते. गुस्ताव माहलर या संगीतकाराच्या रचनांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि आता डॉक्टर ही पदवी हाती यायची तेवढी उरली होती. इतक्यात त्यांना कळले की आपले मार्गदर्शक, प्राध्यापक गुस्ताव्ह बेकिंग, हे तेथील नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत. कॉफमन यांनी ती पदवी घेतलीच नाही.

ह्या जागी माझे वाचन थांबले. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली बाई. पदवीचे मोल मला पुस्तकातून कळलेले नाही, तर घरातल्या मुलींची धडपड पाहून कळले आहे. पहाटेची बस गाठायची, डबा घ्यायचा, संध्याकाळी अंधार पडता परतायचे, असे वर्षानुवर्षे केल्यावर एक कागद हाती येतो. तो कागद समोर असताना, ‘ह्या हातून मला तो नको’ असे म्हणणे किती अवघड असेल! त्यातून त्या माणसाला तर नोकरीची नड होती. पण त्यांनी ते केले आणि देश सोडायचा ठरविला.

आता भारतच का? एक तर इकडे येण्याचा परवाना सहज मिळत होता. परंतु दुसरे कारण मला फार मोलाचे वाटते. कॉफमन यांनी भारतीय संगीताच्या काही तबकड्या मिळवून ऐकल्या होत्या. त्यांना त्या मुळीच समजल्या नाहीत. सारे सूर परके, चमत्कारिक वाटले. आपण असे काही ऐकले तर काय म्हणतो? ‘हे कसले गाणे!’ म्हणून बंद करतो. कॉफमन यांनी वेगळा विचार केला. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच निर्माण केले आहे, लाखो लोक त्यावर प्रेम करतात, मग ते मला कळत नसेल तर उणीव माझ्यातच आहे, आणि ती भरून काढायला त्या संगीताच्या गावीच गेले पाहिजे, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

१९३४ साली ते मुंबईस उतरले. वय अवघे सत्तावीस. वॉर्डन रोडच्या बाजूला, महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या भागात त्यांनी बिऱ्हाड केले. त्यांची पत्नी गेर्टी हिनेही काही काळ मुंबईत संसार केला. गाव सुटणे म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. उजनीचे पाणी चढले तेव्हा आपल्या तालुक्यातली गावेच्या गावे उठली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर दिसते आणि म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून येतात. तरी आपली माणसे उठून जवळच्याच नव्या गावठाणात आली. भाषा तीच, भाकरी तीच, वारीची वाटही तीच. कॉफमन यांना भाषा, अन्न, हवा, सूर सारेच नवे होते.

त्यांच्यापाशी होती ती फक्त विद्या. मुंबईत त्या वेळी पारशी, गोव्याचे ख्रिस्ती आणि इंग्रज लोकांत पाश्चात्त्य संगीताची आवड असणारे पुष्कळ होते. त्यांना हाताशी धरून कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. चेंबर म्युझिक म्हणजे मोठ्या सभागृहासाठी नसलेले, चार-पाच वादकांनी बैठकीच्या खोलीत वाजवावे असे संगीत. आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखेच म्हणा ना. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात त्यांचे वादन होई. कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ वेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ चेलोवर. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ, तो मांडीशी उभा धरून वाजवितात. मेहली मेहता हे मुंबईचे पारशी. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे जगातले मोठे वाद्यवृंद-संचालक झाले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल.

पियानो आपल्या भजनी मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगते. तो दिसायला पेटीसारख्या पट्ट्यांचाच, पण आत भाता नसतो. पट्टी दाबली की आतली लोकर लावलेली लहानशी हातोडी ताणलेल्या तारेवर बसते आणि सूर निघतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तारा गंजतात, लाकूड फुगते. पावसाळ्यात आपल्या मंडळाची पेटी कशी रुसून बसते हे आपण पाहतोच. तिथे दोनशेहून अधिक तारांचे वाद्य सांभाळायचे! आणि मुख्य अडचण निराळीच. पियानोचे सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड त्यावर काढता येत नाही, आणि मींडेशिवाय आपले गाणे म्हणजे मिठाविना आमटी. त्याच कारणाने १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवरच बंदी घातली होती. ती पुढे तीसेक वर्षे टिकली. पेटीवर अभंग म्हणणाऱ्या आपण बायकांना तेव्हा कोणी विचारले असते तर आपण काय सांगितले असते, देव जाणे!

तेव्हा सुरावटीकडे वळू. कॉफमन स्वतः पियानोचे वादक, पण रेडिओच्या ह्या सुरावटीत त्यांनी पियानो ठेवला नाही. खाली तंबोरा ठेवला आणि चाल व्हायोलिनला दिली, कारण व्हायोलिनवर मींड निघते. राग घेतला शिवरंजनी. भूप आपल्याला माहीत आहेच, सा रे ग प ध असे पाचच सूर. त्यातला गंधार कोमल केला की भूपाची सारी प्रसन्नता जाऊन एक हुरहूर उरते, तोच शिवरंजनी. युरोपच्या संगीतात एका वेळी निरनिराळे सूर एकत्र वाजवून भरगच्चपणा आणतात. आपल्याकडे एकच चाल आणि खाली षड्जाचा आधार. अडीच-तीन वर्षांपूर्वी ज्याला आपल्या तबकड्या समजल्या नव्हत्या, त्याने आपला भरगच्चपणाचा मोह सोडून एकच चाल आणि तंबोरा एवढ्यावर भागविले. मला वाटते, सासरी आलेल्या शहाण्या सुनेने माहेरची फोडणी बाजूला ठेवून आधी ह्या घरची चव शिकावी तसेच हे झाले. आणि ज्यांची सून अशी शहाणी असेल त्यांनी तिचे नाव तरी लक्षात ठेवावे की नाही?

१९३६ हे साल रेडिओच्या इतिहासातही महत्त्वाचे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खाजगी कंपनीने सुरू केले होते. ती कंपनी बुडाली, मग सरकारने तो कारभार घेतला आणि ८ जून १९३६ पासून त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. आपले पुणे केंद्र पुष्कळ नंतरचे, २ ऑक्टोबर १९५३ चे. कॉफमन १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताच्या विभागाचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये त्यांची ‘अनसूया’ नावाची संगीतिका रेडिओवरून झाली. नुसत्या ऐकण्यासाठी रचलेली संगीतिका आपल्या देशात तेव्हा नवीनच होती. सिनेमाकडेही ते वळले. मोहन भवनानी हे त्या काळचे नामांकित दिग्दर्शक; त्यांच्या चित्रपटांसाठी कॉफमन यांनी काम केले, आणि विली हास ह्या आपल्या लेखक मित्रालाही मुंबईत आणून त्याच कामाला लावले. तोही हिटलरच्या तडाख्यातून निसटलेला.

आता जे सांगायचे ते सांगताना हात जड होतो. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. इंग्रज सरकारने भारतात असलेल्या जर्मन माणसांना शत्रू म्हणून धरले. त्यांत हिटलरचे भक्त होते आणि हिटलरच्याच भीतीने पळून आलेले ज्यूही होते; सरकारला सुरुवातीला दोन्ही सारखेच. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, छावणी झाली, मग देवळालीला झाली. बायकामुले असलेल्या कुटुंबांना साताऱ्याला आणि आपल्या पुरंदरावर ठेवले होते. होय, आपल्याच जिल्ह्यातला पुरंदर! ज्या गडावर संभाजीराजांचा जन्म झाला, त्याच गडावर १९४० नंतरच्या वर्षांत जर्मन आया आपल्या लेकरांना थोपटत होत्या. बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयाचे डॉक्टर गोएट्झ हेही त्यांतलेच. सासवडला सोपानकाकांच्या समाधीला आपण जातो, तेथून पुरंदर काही लांब नाही, पण ही गोष्ट तिथे मला कधी कोणी सांगितली नाही.

कॉफमन चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक होते. ते रेडिओवरचे काम करीत राहिले. परंतु त्यांच्या घरावर जे आले ते छावणीहून फार भयंकर होते. त्यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्का ह्या थोर लेखकाची भाची, त्यांच्या एली नावाच्या बहिणीची मुलगी. काफ्का १९२४ सालीच क्षयाने वारले होते. त्यांच्या तिन्ही बहिणी प्रागमध्ये राहिल्या. १९४१ साली एली आणि वल्ली ह्या दोघींना पोलंडातल्या लोझ शहरी, ज्यूंना कोंडण्याच्या वस्तीत पाठविण्यात आले, आणि त्या परत आल्या नाहीत. धाकटी ओटला १९४३ साली ऑशविट्झच्या छावणीत मारली गेली. म्हणजे ज्या वर्षांत ती उदास सुरावट रोज पहाटे आपल्या देशात वाजत होती, त्याच वर्षांत ती रचणाऱ्याची सासू आणि मावससासवा संपत होत्या. लेक समुद्रापलीकडे वाचली, आई अलीकडे येऊ शकली नाही. माहेराहून आठ दिवस फोन आला नाही तर आपला जीव खालीवर होतो. तिकडची पत्रे बंद झाल्यावर त्या घरातल्या माणसांनी काय केले असेल, याचा विचार माझ्याने पुढे करवला नाही.

ह्या दिवसांतही कॉफमन यांचा अभ्यास थांबला नाही. आपल्या गवयांचे गाणे ऐकावे, स्वर लिहून घ्यावे, हे चालूच होते. नुसत्या मैफलीतले गाणे नव्हे. मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा लोकांची गाणी त्यांनी अभ्यासली आणि १९४१ साली त्यांवर लेख प्रसिद्ध केला. पुढे बस्तरच्या मारिया-मुरिया लोकांची गाणी आणि वाद्ये यांवरही लिहिले. जंगलातल्या बायाबापड्यांचे गाणे कागदावर उतरवावे असे वाटणारी माणसे त्या काळी आपल्यातही थोडीच होती.

१९४६ साली, बारा वर्षांच्या मुक्कामानंतर, त्यांनी मुंबई सोडली. इंग्लंडमार्गे ते कॅनडाला गेले, हॅलिफॅक्स येथील संगीतशाळेत पियानो शिकविणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले, आणि १९४८ पासून विनिपेग शहराच्या वाद्यवृंदाचे संचालक. पहिला संसार टिकला नाही. नंतर त्यांनी फ्रेडा ट्रेपेल ह्या पियानोवादक बाईंशी विवाह केला. भारतावर रचलेल्या त्यांच्या तुकड्यांत ‘नवरत्नम्’ आहे, आणि ‘मद्रास एक्स्प्रेस’ नावाचा एक आगगाडीचाही आहे. विनिपेगच्या बर्फात बसून मद्रास मेलची धडधड आठवणाऱ्या माणसाचे मला हसूही आले आणि कौतुकही वाटले.

१९५७ साली ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले आणि पुढची वीस वर्षे त्यांनी तेथे विद्यार्थ्यांना शिकविले. डॉक्टरची पदवी नाकारून निघालेला माणूस आता दुसऱ्यांच्या प्रबंधांना वाट दाखवीत होता! तेथेच १९६८ साली त्यांचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा मोठा ग्रंथ निघाला, आणि १९७६ साली दक्षिणेकडील रागांवरचा. उत्तरेकडील रागांची मांडणी त्यांनी दहा थाटांप्रमाणे केली आहे. हे दहा थाट पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी लावून दिलेले. भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे. शेकडो बंदिशी त्यांनी क्रमिक पुस्तकांतून मराठीत छापल्या. १९३६ साली ते वारले, म्हणजे कॉफमन मुंबईत आले त्या वेळी ते हयात होते. आपल्या पंडितांची मांडणी अशी एका परदेशी शिक्षकाच्या हातून अमेरिकेतल्या मुलांपर्यंत गेली. कल्याण, बिलावल, भैरव, काफी अशी नावे तिकडची मुले वहीत कशी लिहीत असतील, ह्याची गंमत वाटते.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे कॉफमन निवर्तले. त्यांच्या रचनांचे कागद तिकडच्या ग्रंथालयात पडून राहिले होते. हिटलरमुळे देशोधडीला लागलेल्या संगीतकारांच्या रचना शोधून वाजविणारी एक वादकमंडळी टोरांटो शहरात आहे, तिचे नाव एआरसी एन्सेम्बल. ह्या मंडळीने २०२० साली कॉफमन यांच्या रचनांची एक तबकडी काढली. त्यांतल्या काही रचना मुंबईच्या दिवसांतल्या आहेत. भाचीने आपल्या फोनवर त्यातला एक तुकडा लावला. व्हायोलिन पियानोसोबत वाजत होते, तंबोरा नव्हता, आणि तरी घरातल्या सर्वांत थोरल्या काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्यातलंच कुणीतरी वाजवतंय!”